साथ आली की गाव काय करतं? हैजा, प्लेग, मानमोडी, कोरोना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाळेबंदीत पारावर बसायला बंदी होती, पण धुऱ्यावर कोण अडवणार? २०२० च्या एप्रिलात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी पऱ्हाट्या उपटणं चालू होतं. शेजारच्या वावरातल्या काकांनी हात थांबवून विचारलं, "काहो मास्तर, असं याच्या आधी कधी झालं होतं काय?" तीस वर्षं इतिहास शिकवला, तरी मला धड उत्तर देता आलं नाही. शाळेत आम्ही प्लेग शिकवतो तो रँडच्या वधापुरता, आणि मानमोडीचं तर नावही घेत नाही. मग वाचत गेलो, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाल्ली, म्हाताऱ्यांचं डोकं खाल्लं. लोक घरी येऊन जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथं मांडलंय. काही प्रश्न शाळकरी पोरांचे आहेत, आणि तेच जास्त अवघड निघाले.

कोरोनासारखं आपल्या विदर्भात आधी झालं होतं का?

एकदा नाही, पिढीगणिक. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. त्याच वर्षी तिकडे बंगालात जेसोरच्या बाजूला हैजा, म्हणजे कॉलरा, उसळला होता. तो फौजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पायांनी चालत पुढच्या वर्षी नागपुराहून पार मुंबईपर्यंत पोचला. देवीची साथ तर दर काही वर्षांनी यायचीच, तिला कोणी बातमी समजत नसे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि काही वर्षांत तो नागपूर-वऱ्हाडात शिरला. १९१८ मध्ये मानमोडी आली. तिच्यापुढे आधीच्या साऱ्या साथी लहान वाटाव्यात.

एक गोष्ट ध्यानात घ्या. १८१७ चा हैजा पायी आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, त्यामुळे प्लेग आणि मानमोडी गाडीत बसून आले. कोरोना विमानानं आला. दरवेळी रस्ता नवा होता, आणि तो रस्ता आपणच हौसेनं मागितलेला होता.

मानमोडी म्हणजे नेमका कोणता रोग?

इन्फ्लूएन्झा. जगात त्याला स्पॅनिश फ्लू म्हणतात. स्पेनचा यात दोष एवढाच की तो देश महायुद्धात नव्हता आणि तिथली वर्तमानपत्रं रोगाबद्दल मोकळेपणी छापत होती. आपल्याकडं अंग असं मोडून यायचं की मान उचलवत नसे, म्हणून मानमोडी.

जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरात उतरली. पहिली लाट सौम्य होती, लोकांनी चार दिवसांचा ताप म्हणून सोडून दिली. दुसरी लाट सप्टेंबरात उठली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तिनं देश झोडपून काढला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे आजचा आपला विदर्भ ज्यात होता तो मुलूख, सगळ्यात जास्त माणसं गेलेल्या प्रांतांपैकी होता. भारतात एकूण किती मेले याचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. १९०१ नंतरच्या शिरगणत्यांमध्ये देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेलं दशक एकच आहे, १९११ ते १९२१.

हा ताप म्हाताऱ्यांना सोडून तरण्याताठ्यांना धरत होता. वीस ते चाळीस वयाची माणसं गेली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. मला याचं नवल वाटत नाही. घरात कोणी पडलं की उशाशी कोण बसतं? आणि सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात उरलंसुरलं कोण खातं? त्याच वर्षी पावसानं दगा दिला होता, ज्वारी महागली होती. उपाशी अंगात ताप शिरला. जे काही पीक उभं होतं ते कापायला कित्येक घरांत धडधाकट माणूस उरला नव्हता.

आमची आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची असावी. तिला आठवायचं ते एवढंच: गावात चुली पेटत नव्हत्या. धूर दिसला की लोक म्हणायचे, "त्या घरी अजून कोणी उठून बसतंय."

याची काही नोंद सापडते का? आमच्या घराण्याचं बघता येईल?

येईल, आणि रस्ता तुम्हाला माहीतच आहे. जात पडताळणीसाठी आपण कोतवाल बुकाची नक्कल काढतो ना, तेच बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू टिपून ठाण्यावर द्यायचा. नाव, बापाचं नाव, जात, तारीख, आणि मेला कशानं. जिथं ही बुकं वाळवीनं सोडली आहेत तिथं ती आजही तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत.

मी नातवाच्या प्रमाणपत्रासाठी गेलो होतो. कारकुनानं लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा समोर आपटला आणि म्हणाला, "पानं सांभाळून, तुकडे पडतात." १९१८ चा ऑगस्ट एका पानात संपला होता. ऑक्टोबर संपता संपेना. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, ताप. पहिल्या पानावर तो सुबक अक्षरात लिहिलेला. पुढं लिहिणाऱ्यानं 'ताप' लिहिणं सोडून नुसत्या दोन आडव्या रेघा मारल्या आहेत, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. मग एका तारखेपासून अक्षरच बदललंय. पहिला लिहिणारा गेला की नुसता आजारी पडला, हे बुक सांगत नाही.

इन्फ्लूएन्झा असा रकानाच नव्हता. हैजा, देवी, प्लेग, ताप, हगवण अशी ठरलेली खाती होती, आणि मानमोडीचे मृत्यू बहुतेक तापाच्या खात्यात गेले. नोंदणारेच अंथरुणाला खिळल्यामुळे कित्येक तर कुठंच गेले नाहीत.

सरकार काय करत होतं?

प्लेगात नको इतकं केलं, मानमोडीत जवळपास काहीच नाही.

प्लेग आल्यावर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा, पण सरकारला वाटेल ते करू देणारा. (२०२० च्या मार्चमध्ये आपल्याकडं निर्बंध लागले ते याच कायद्याखाली. सव्वाशे वर्षं टिकलेली वस्तू आपल्या घरात पाटा-वरवंट्याशिवाय दुसरी नसेल.) पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं गोरे सोजीर घराघरांत घुसवले. देवघरात बूट गेले, बायकांना रस्त्यावर आणून तपासलं, सामान जाळलं. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाची अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हे सगळ्यांना पाठ असतं.

त्यापुढचं कोणी सांगत नाही. दोन-तीन वर्षांत सरकारनं माघार घेतली. बळजबरीची झडती आणि सक्तीचं इस्पितळ ढिलं पडलं, जातीजातींच्या वेगळ्या इस्पितळांना परवानगी मिळाली, वैद्य-हकिमांना सोबत घेतलं. सरकारला दया आली असं मी म्हणणार नाही. लोक रोगी लपवू लागले होते. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कणगीमागं रोगी दडवलेला असायचा. झडती जितकी कडक, तितका रोग आत. हे लंडनला आणि मुंबईला उमगायला बराच काळ लागला, पण उमगलं.

त्याच पुण्यात, १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुलगा डॉ. यशवंत यानं हडपसरजवळ दवाखाना उघडला होता. एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या तिथं गेल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. एकाच गावात, एकाच महिन्यात, दोन तऱ्हांनी लोक घरात शिरत होते.

१९१८ मध्ये डॉक्टर युद्धावर आणि तिजोरी युद्धात. औषध वाटलं, दूध वाटलं, कांबळी वाटली ती जास्त करून शहरांतल्या सेवाभावी संस्थांनी आणि जातवार मंडळांनी. खेड्यांत कोण येणार?

मग खेडी स्वतः काय करत होती?

गाव सोडत होती. मला या सगळ्या शोधात सापडलेली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

घरात उंदीर पडला, म्हणजे बिळातून येऊन झिंगल्यासारखा फिरून मेला, की जुनी माणसं प्लेग ओळखत. मग बैलगाडीत धान्य, जातं आणि लेकरं टाकायची आणि वावरात जाऊन पऱ्हाट्यांच्या, तुराट्यांच्या झोपड्या घालून राहायचं. गावात दिवसा एखादा जागल्या. दोन-तीन महिन्यांनी घरं शेणानं सारवून, धुरी देऊन परत यायचं. उंदीर आणि प्लेग यांचा संबंध लोकांना फार आधीपासून दिसत होता. जहांगीर बादशहाच्या आठवणींमध्येही आग्ऱ्याच्या साथीच्या वेळी झिंगून बाहेर पडलेल्या उंदराची हकीकत आहे. शास्त्राला ते सिद्ध करायला १८९८ उजाडलं. त्या वर्षी पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू पकडली. तिचं नाव कळायच्या आधीच आपली माणसं पिसूपासून लांब जाऊन बसली होती.

पण एक टाचणी टोचतोच. वावरात जाणं त्यालाच जमायचं ज्याला वावर होतं. ज्याला नव्हतं तो दुसऱ्याच्या बांधावर, नाहीतर मागं रिकाम्या गावात. गावाच्या शहाणपणाच्या गोष्टी सांगताना आपण वेशीच्या आतल्यांच्याच सांगतो.

२०२० मध्ये हेच पुन्हा झालं आणि कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. पुण्या-मुंबईहून आलेली पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवली, शाळा भरल्यावर लोकांनी त्यांना जागलीच्या मचाणावर आणि वावरातल्या कोठ्यावर पाठवलं. चौदा दिवस डबा धुऱ्यावर ठेवायचा आणि हाक मारून मागं सरायचं.

मरीमाय, मारबत... ही निव्वळ अंधश्रद्धाच ना?

कोंबडं-बकरं कापून हैजा जात नाही, हे सांगायला गाडगेबाबांनी विदर्भाचा कोपरा न् कोपरा झाडला. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. आधी गाव झाडायचं, मग कीर्तनात विचारायचं की देव बकऱ्याचा भुकेला आहे काय. त्यांच्यापुढं मी काय बोलू?

तरी मारबतीबद्दल माझं मत थोडं मऊ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गावात पोरं घराघरांतून केरकचरा, फुटकं सूप, जुनी केरसुणी आणि पळसाच्या डहाळ्या गोळा करतात. "रोगराई, खोकला, ढेकूण, मोंगसे घेऊन जा गे मारबत!" असं बोंबलत वेशीबाहेर नेऊन टाकतात. नागपूरच्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे तर एकोणिसाव्या शतकापासूनचे, त्यांची मिरवणूक सगळ्यांनी पाहिली आहे. ऐन पावसाळ्यात, डासांच्या दिवसांत, सगळ्या गावानं एकाच सकाळी घरातली अडगळ शिवेपार न्यायची. यातला देव काढला तरी काम उरतं.

मरीमायचं देऊळ शिवेवरच का असतं, हेही बघा. रोग बाहेरून येतो हे गावाला ठाऊक होतं. चूक एवढीच झाली की त्यांनी रस्त्याकडं बघितलं आणि विहिरीकडं नाही.

हैजा मग गेला कसा?

विहिरीकडं बघितल्यावर. १८५४ मध्ये लंडनला जॉन स्नो या डॉक्टरानं मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला. आपल्याकडं तेच काम ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकून करतो. त्याला कोणी स्नो म्हणत नाही, उलट पाण्याला वास येतो म्हणून शिव्या घालतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसवरून तीन-चारवर आलं. आपल्याकडं अजूनही "डॉक्टर, एक सलाईन लावाच" म्हणणारे आहेत आणि लावणारेही.

देवीचा रोग तर पुरता गेला. ते कसं जमलं?

लस होती, पण नुसत्या लशीनं जमलं नाही. १८०२ मध्ये मुंबईत पहिल्या मुलीला देवी काढल्या, आणि रोग देशातून गेला १९७५ मध्ये. मधली पावणेदोनशे वर्षं देवी काढणारा गावात आला की आया लेकरं घेऊन तुरीत लपत होत्या. देवी म्हणजे माता, तिला सुई टोचून कशी अडवायची?

शेवटी पद्धत बदलली. सगळ्यांना टोचत बसण्यापेक्षा रोगी शोधायचा, त्याच्याभोवतीची घरं घेरायची आणि तेवढ्यांना टोचायचं. त्यासाठी घरोघरी देवीच्या रोग्याचं चित्र दाखवत माणसं फिरली. रोगी दाखवून देणाऱ्याला बक्षीस होतं, ते वाढत वाढत शेवटी एक हजार रुपयांवर गेलं. १८९७ मध्ये रोगी लपवावा वाटत होता, १९७५ मध्ये दाखवावा वाटला. माझ्या मते सगळा फरक इथं आहे. एप्रिल १९७७ मध्ये भारत आणि ८ मे १९८० रोजी सगळं जग देवीमुक्त जाहीर झालं.

घरातल्या पन्नाशीपुढच्या कोणाच्याही दंडावर ते गोल वण बघा. पोरांना दाखवा.

बाकीच्या जगात लोक वेगळं वागले का?

वेश वेगळा, वागणं तेच. ख्रिस्तपूर्व ४३० मध्ये अथेन्समध्ये साथ आली. थुसिडिडीस नावाचा इतिहासकार स्वतः त्यातून उठला आणि त्यानं लिहून ठेवलं की शुश्रूषा करणारेच आधी मरत होते, आणि एकदा बरं झालेला माणूस निर्धास्तपणे दुसऱ्यांची सेवा करू शकत होता. चोवीसशे वर्षांपूर्वी!

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते इंग्लंडमधलं ईम. १६६५ मध्ये या खेड्यात प्लेग शिरला. पुढच्या उन्हाळ्यात पाद्री विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावानं ठरवलं की आपण बाहेर जायचं नाही, रोग शेजारच्या गावांत न्यायचा नाही. शिवेवरच्या दगडाला भोकं होती. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे उचलून जायचे. अडीचशेच्या वर माणसं गेली. आपल्याकडं गाव सोडून जाणं शहाणपणाचं ठरलं, त्यांच्याकडं न सोडणं. दोन्हीकडं ठरवलं गावानं, आणि दोन्हीकडं अन्न कुठून येणार हे आधी ठरलं होतं.

१९१८ मधली सामोआ बेटांची गोष्ट वर्गात सांगितली की पोरं चिडीचूप होतात. शेजारी शेजारी बेटांचे दोन पुंजके. अमेरिकेच्या ताब्यातल्या सामोआनं जहाजं अडवली, तिथं कोणी मेलं नाही. न्यूझीलंडच्या ताब्यातल्या पश्चिम सामोआनं ७ नोव्हेंबरला ऑकलंडहून आलेलं टालून हे जहाज धक्क्याला लागू दिलं. साधारण दर पाचांतला एक माणूस गेला.

फिलाडेल्फियानं त्याच सप्टेंबरात युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक काढली आणि काही दिवसांत दवाखाने भरले. सेंट लुईस शहरानं शाळा-नाटकगृहं लवकर बंद केली, तिथं कमी माणसं गेली. यावर जास्त काय बोलायचं, आपल्याकडच्या मिरवणुका आपल्याला माहीत आहेत.

क्वारंटाइन हा शब्द कुठला?

इटलीतला. क्वारांता म्हणजे चाळीस. १३७७ मध्ये रागुसा, आताचं डुब्रोव्हनिक, या बंदरानं बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस अडवायचा नियम केला, पुढं ते चाळीस झाले. बाळंतिणीचा आपला सव्वा महिनाही जवळपास तेवढाच.

मास्क नको म्हणणारे तेव्हाही होते?

होते. १९१९ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत मास्कविरोधी संघटनाच निघाली होती.

साथीत लोक कुणाला तरी दोष का देतात?

रोग दिसत नाही, माणूस दिसतो. १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. विहिरींत विष कालवल्याचा आळ होता, आणि साथ तर तिथं अजून पोचलीही नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत अफवा उठली की इस्पितळात माणसांची मोमियाई, म्हणजे अंगातून औषधी तेल, काढतात, आणि गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगच्या बातमीनं लाखो लोक पळाले. ते ज्या ज्या गावी गेले तिथं त्यांच्याकडं बोट दाखवलं गेलं.

कोरोनात? आधी परदेशाहून आलेले, मग एका धर्माचे लोक, मग मुंबईवाले, पुणेवाले. हैदराबादहून उत्तरेकडं निघालेले मजूर पांढरकवडा, हिंगणघाटवरून नागपूरकडं चालत होते. हायवेलगतच्या काही गावांनी त्यांच्यासाठी भात-वरण शिजवलं, काही गावांनी बाभळीच्या काट्या टाकून फाटा बंद केला. कधी कधी दोन्ही एकाच गावानं केलं.

माझंही ऐका. माझा पुतण्या पुण्याहून मोटरसायकलवर निघाला होता. रात्री वेशीवरून त्याचा फोन आला, "काका, काटे टाकलेत, काय करू?" मी म्हणालो, "आज शाळेतच झोप, बापा." त्याच्या आईनं अडीच महिन्यांनी पोराचं तोंड पाहायचं होतं. मी नियम पाळला, हे खरं. आवाज खालचा काढून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही असा बोललो, हेही खरं. तो आजही चिडवतो.

लशीला लोक तेव्हाही घाबरत होते का?

हो, आणि दरवेळी मूर्खपणानं नाही. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एका दूषित बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि तो धुऊन निघायला काही वर्षं गेली. तेवढ्यात लोक टोचून घ्यायला कचरणारच.

२०२१ मध्ये मेळघाटात लशीबद्दल अफवा पसरल्या. तिथं कोरकू भाषेत समजावून सांगायला लागलं, आणि ते ओळखीच्या माणसानं. आमच्या गावात आधी आशाताईनं सगळ्यांदेखत घेतली आणि दुसऱ्या दिवशी निंदायला गेली. लोक तिच्याकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी रांग लागली.

मग कोरोनात आपण १९१८ पेक्षा काय बरं केलं?

धान्य. त्या साली ज्वारी महागली आणि माणूस उपाशी मेला. २०२० मध्ये रेशनवर माणशी पाच किलो जादा मोफत आलं. कंट्रोलवाल्याच्या मापाबद्दल माझी तक्रार आहे ती वेगळी.

दुसरं, माणूस. आशाताई, अंगणवाडी ताई. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत टिपायच्या आणि तो फार खाली गेला की गाडी बोलावायच्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला, पण मानधन वेळेवर मिळावं म्हणून त्यांना अजून मोर्चे काढावे लागतात.

तिसरं, माहिती. १९१८ मध्ये रोग कशानं होतो हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, माणसातला इन्फ्लूएन्झाचा विषाणू सापडला १९३३ मध्ये. कोरोनाची लस वर्षभरात हातात होती, १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडं टोचायला सुरुवात झाली.

चुका? कापसावर मारायचा फवारणी पंप पाठीला लावून आम्ही गल्लीबोळात, भिंतींवर, बैलांच्या शिंगांवर औषध मारलं. मीही वर्गणी दिली होती. आणि दुसरी लाट येईपर्यंत गाफील राहिलो. १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतींचं मतदान झालं, गुलाल उधळला, लग्नं उरकली, तेरव्यांच्या पंगती बसल्या. फेब्रुवारीत अमरावती-यवतमाळचे आकडे राज्यात सगळ्यांच्या आधी चढले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. १९१८ मध्येही पहिली लाट सौम्य, दुसरी मारक होती. हे तेव्हा मला माहीत असतं तर पंगतीला गेलो नसतो, असं म्हणायला आवडेल.

जास्त माणसं कधी मेली?

मानमोडीत, यात वाद नाही. कोरोनाचा सरकारी आकडा सुमारे ५ लाख ३० हजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ साठी ४७ लाखांचा अंदाज दिला, सरकारनं तो नाकारला. मोठा आकडा धरला तरी १९१८ त्याच्या दुपटीहून वर जातं, तेही लोकसंख्या तीस-बत्तीस कोटींच्या घरात असताना.

मास्तर, शंभर वर्षांनी कोणी आपलं कोतवाल बुक पाहील तर त्याला काय दिसेल?

आठवीतल्या मुलीनं विचारलं होतं. मी ग्रामपंचायतीत जाऊन एप्रिल-मे २०२१ ची नोंद पाहिली. त्या दोन महिन्यांत आमच्या गावातून किती तिरड्या निघाल्या हे मला बोटांवर मोजता येतं. रजिस्टरात त्याहून चार कमी आहेत. जी आहेत त्यांत कुठं हृदयविकार, कुठं वृद्धापकाळ, आणि दोन ठिकाणी, वर्तमानपत्रात छापतात तसं, 'अल्पसा आजार'.

तुमच्या घरची नोंद राहिली असेल तर अजूनही करता येते. मृत्यूची माहिती एकवीस दिवसांत द्यायची असते, वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. कागद जमवताना अडचण आली तर संध्याकाळी घरी या. त्या चारांपैकी दोघांचे अर्ज गेल्या महिन्यात मीच लिहून दिले.